काळीज उजव्या बाजूला असतं

नोकरीच्या पहिल्याच दिवशी एका अठ्ठावन्न वर्षांच्या गृहस्थांनी मला विचारलं, "तुमचं काळीज कसं अहे, अम्मा?"

मी कराडची. आमच्याकडे परक्या पुरुषाने काळजाची चौकशी केली तर पुढचं बोलणं चपलेने होतं. पण हे गृहस्थ बायोकेमिस्ट्री विभागाचे प्रमुख होते, कपाळावर गंधाचा बारीक ठिपका होता, हातात माझाच नेमणुकीचा कागद होता आणि चेहरा रेशनकार्ड तपासणाऱ्या कारकुनासारखा कोरडा होता. मी चाचरत म्हणाले, "बरं आहे, सर." त्यावर ते म्हणाले, "कसं ठाऊक? रक्त तपासून बघितलांत?"

मेडिकल फिटनेसच्या फॉर्मवर लिव्हरच्या तपासणीचा रकाना मी रिकामा सोडला होता, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. त्यांच्या मराठीत काळीज म्हणजे लिव्हर, दुसरं काही नाही. हृदय हा त्यांच्या मते वेगळ्या खात्याचा विषय होता आणि त्या खात्याबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. "पंप अहे तो," ते म्हणायचे. "आमच्या गच्चीवर पण एक अहे."

डॉक्टर पंचनद राव त्यांचं नाव. पण चेन्नईच्या टोकाला, तांबरमच्या पुढे हायवेला लागून असलेल्या आमच्या मेडिकल कॉलेजात त्यांना त्या नावाने कुणी ओळखत नसे. मुलं त्यांना 'ईरल सार' म्हणत. ईरल म्हणजे तमिळमध्ये लिव्हर. सरांना हे माहीत होतं, इतकंच नाही तर ती त्यांना पीएचडीच्या वरची पदवी वाटायची. फोनवर समोरच्याला ओळख पटली नाही की ते स्वतःच सांगत, "ईरल सार पेसरेन," म्हणजे ईरल सर बोलतोय. मग लगेच ओळख पटत असे.

माझा नवरा ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात. त्याच्यामागोमाग मी एम.एस्सी.चं प्रमाणपत्र आणि डबाभर कांदा-लसूण मसाला घेऊन चेन्नईत आले आणि दोन वर्षं घराबाहेर मराठीचा एक शब्द ऐकला नाही. त्यामुळे सरांचं मराठी कानावर पडलं की मला पहिल्या आठवड्यात भरून यायचं. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की अर्धं कळतच नाहीये. त्यांचे पूर्वज काही शतकांमागे राजांबरोबर तंजावरला आले. तिथेच का राहिले, असं मी विचारलं तर म्हणाले, "परत बोलावणं आलंच नाहीं." हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की जणू अजूनही टपाल बघत असावेत. घरात मराठी, शाळा तमिळ, कॉलेज इंग्रजी. देवनागरी त्यांना अडखळत वाचता यायची, लिहिता यायची नाही. मराठी ते तमिळ अक्षरांत लिहीत.

आता तमिळ लिपीत त, थ, द, ध या चौघांना मिळून एकच अक्षर आहे आणि प, फ, ब, भ यांनाही एकच. मी तमिळ शिकले होते ती बसच्या पाट्या वाचून. एकदा माझ्या टेबलावर सरांची चिठ्ठी होती. ती मी लावून लावून वाचली ती अशी: 'मज थाप अहे. वर्ग तुम्ही घ्या.' मला वाटलं, सर दांडी मारतायत आणि मोकळेपणाने कबूलही करतायत. मी ती ऑफिसातल्या सगळ्यांना हसत हसत सांगितली. वर्ग घेतला. संध्याकाळी कळलं की सरांना एकशे दोन ताप होता. ताप, थाप, दाब आणि धाप हे चारही शब्द त्यांच्या लिपीत एकसारखेच दिसतात. पुढे मी धोरण ठरवलं की चिठ्ठीत यांतलं काहीही आलं की आधी घरी फोन करायचा.

त्यांचं सगळं आयुष्य एका हार्मोनच्या पाठीमागे गेलं होतं. हा हार्मोन लिव्हर तयार करतं, रक्तात सोडतं आणि तो शरीरभर फिरून निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळं काम करवून घेतो. त्याचं नाव एफजीएफ-एकवीस. सर नुसतं 'एकवीस' म्हणत. "काळजांतून एकवीस निघतं," हे वाक्य त्यांच्या तोंडी दिवसातून इतक्यांदा यायचं की आमच्या शिपाईणबाई मुरुगेश्वरी, ज्यांना मराठीचा गंध नव्हता, त्याही फाइल देताना 'एकवीस' म्हणू लागल्या.

"लोकांस वाटतं काळीज म्हणजे गोदाम," सर सांगत. "आलेलं साठवायचं, विष मारायचं. नव्हे अम्मा. हापीस अहे. तिथून पत्रं जातात. उपास पडला, पत्र. साखर फार झाली, पत्र. प्रोटीन कमी पडलं, पत्र. पत्र एकच. पण प्रत्येक घरीं वेगळं वाचतात. चरबी वाचते, साखर आंत घे, नीट वाग. ती तपकिरी चरबी वाचते, जाळ, ऊब कर. मेंदू वाचतो, गोड पुरे, पाणी पी." मग थोडं थांबून, खाजगीत सांगितल्यासारखं, "मेंदू वाचतो. पण वाचून बाजूला ठेवतो."

पत्र उघडायला मात्र दोन किल्ल्या लागतात. पेशीच्या दारावर एक रिसेप्टर असतो, पण तो एकटा पुरत नाही, शेजारी दुसरं एक प्रोटीन उभं असावं लागतं. हे ते बँकेच्या लॉकरवरून समजावत. एक किल्ली आपली, एक बँकेच्या साहेबांची, आणि साहेब जेवायला गेले असतील तर आपली किल्ली घेऊन आपण बसायचं. ज्या पेशीकडे दोन्ही असतात तिथेच एकवीसचं चालतं, बाकीच्यांच्या दारावरून ते तसंच पुढे जातं. इतकी वर्षं झाली, पण अजून बँकेत गेले की मला साहेबांच्या जागी ते प्रोटीन दिसतं.

वर्गात ते मुलांना अवयव करत. एका मुलीला लिव्हर करून खुर्चीवर बसवायचं, तिच्या हातात चिठ्ठ्या द्यायच्या. एक मेंदू, एक स्वादुपिंड, एक स्नायू. साधी चरबी व्हायला कुणी तयार नसे, ती ते स्वतः होत. म्हणत, "मज अनुभव अहे." तपकिरी चरबी झालेल्या मुलाला चिठ्ठी मिळाली की जागच्या जागी धावून ऊब तयार करावी लागे. हे मे महिन्यात, आणि परिणाम नीट दिसावा म्हणून पंखे बंद. मेंदू झालेल्या मुलासमोर ते डब्यातली एक जांगिरी, म्हणजे तिकडची जाडसर जिलबी, ठेवत आणि लिव्हरकडून चिठ्ठी आली की त्याने जांगिरी नाकारायची असा नियम होता. एका वर्षी मेंदू झालेला मुलगा सकाळचं खाऊन आला नव्हता. त्याने चिठ्ठी घेतली, वाचली, खिशात घातली आणि जांगिरी खाल्ली. वर्ग हसून लोळला. सर मात्र खूष झाले. फळ्याकडे वळून म्हणाले, "बघा. पत्र पोचलं, तरी ऐकलं नाहीं. ह्यास रेझिस्टन्स म्हणतात. आज हेंच शिकवायचं होतं." मला अजून शंका आहे की त्या दिवशी इन्शुलिन शिकवायचं होतं.

स्वतः ते कडक शाकाहारी. कांदासुद्धा वार बघून खाणारे. तरी वर्षातून दोनदा बाजारातल्या मटणाच्या दुकानी जाऊन बोकडाचं लिव्हर आणत, मुलांना हातात देऊन दाखवायला. दुकानदार भाई त्यांना बाजूला खुर्ची द्यायचे. पहिल्या वेळी भाईंनी विचारलं होतं, मिरी टाकून करणार की नुसतं परतून? सर म्हणाले, करणार नाही, शिकवणार. भाईंना वाटलं, लिव्हरलाच शिकवायचं आहे. त्यांनी बारीक तुकडे करून दिले. दुसऱ्या वेळी सरांनी बजावलं, अख्खं हवं, कापू नका, त्याला खूप मुलं बघणार आहेत. तेव्हापासून भाई सगळ्यात देखणं लिव्हर निवडून केळीच्या पानात गुंडाळून ठेवत आणि पुढच्या खेपेला विचारत, "सार, गेल्या वेळचं पास झालं का?" सर म्हणत, "फर्स्ट क्लास." भाई मग बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगत की आमचं ईरल कॉलेजात पहिलं आलं.

घरी सावित्रीअक्का, म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांच्या एकादशीवर सरांचा विश्वास नव्हता. "उंदराचं काळीज एका रात्रींत एकवीस सोडतं," ते जेवणाच्या टेबलावर सांगत. "माणसाचं? एका दिवसाच्या उपासानं त्यास जागही येत नाहीं. आठवडाभर उपाशी राहा, मग विचार करतं. सरकारी अहे." अक्का साबुदाणा परतत शांतपणे म्हणत, "मग आठवडाभर नाहीं करत स्वैपाक. बघूं सोडतं कां." या वादात सर कधी जिंकल्याचं मी पाहिलं नाही.

एवढं सगळं असून सरांना एक दुःख होतं. मला ते कळलं ते एका जेवणाच्या सुट्टीत.

बऱ्याच वर्षांपूर्वी ते कसल्याशा परिषदेसाठी पुण्याला गेले होते. आयुष्यात पहिल्यांदा महाराष्ट्रात. आठ दिवस आधीपासून तयारी. स्टेशनवर उतरल्याबरोबर रिक्षावाल्याशी मराठी बोलले, त्याने हिंदीत उत्तर दिलं. हॉटेलात वेटरशी बोलले, त्यानेही हिंदीत. परिषदेतल्या एका बाईंनी कौतुकाने विचारलं, सर, आपण कन्नड का? तीन दिवस ते मराठी बोलत राहिले आणि तीन दिवसांत एका माणसाने त्यांना मराठीत परत काही म्हटलं नाही. "तीनशे वर्षं सांभाळून ठेवली," सर म्हणाले, "आणि पत्ताच चुकला." मग दहीभाताचा घास हातात धरून त्यांनी मला त्यांची इच्छा सांगितली. एक तास. मराठीत. विषय काळीज. आणि शेवटी समोरच्यांतून एक प्रश्न, तोही मराठीत. तेवढं झालं की रिटायर व्हायला ते मोकळे होते.

मी मोठ्या उत्साहाने म्हणाले, एवढंच ना, मी जमवते. तेव्हा मी आमच्या भागातल्या एका लहानशा मराठी मंडळाची सभासद झाले होते. बँकेतले, रेल्वेतले, आवडी नावाच्या उपनगरातल्या संरक्षण कारखान्यातले लोक, क्रोमपेट स्टेशनजवळ भाड्याने घेतलेला शाळेचा हॉल आणि कार्यवाह सबनीस काका. सबनीस काका बँकेतून निवृत्त झालेले, पुण्याचे. कुणी 'हॉल' म्हटलं तरी ते 'सभागृह' अशी दुरुस्ती करत. गणपतीत व्याख्यान ठरलं. विषय मी त्यांना फोनवर सांगितला: 'काळजाची काळजी.' सरांनीच सुचवलेला. काळजी हा शब्द काळजातूनच निघालाय, एकवीससारखाच, असं त्यांचं म्हणणं होतं.

सबनीस काकांचं अक्षर आणि चित्रकला दोन्ही चांगली. त्यांनी पोस्टर केलं. त्यावर लाल बदाम काढला आणि त्याच्यातून जाणारी ईसीजीची नागमोडी रेघ.

व्याख्यानाला इतकी गर्दी मी त्या मंडळात कधी पाहिली नव्हती. प्रत्येकाच्या मांडीवर फाइल. अँजिओग्राफीच्या सीडी. पहिल्या रांगेत बापट, आवडीच्या कारखान्यातले निवृत्त फोरमन, बायपास झालेले, शर्टाची वरची दोन बटणं उघडी ठेवून बसलेले, दाखवायला सोपं जावं म्हणून. सर नवीन धोतर नेसून आले होते. हातात तमिळ अक्षरांत लिहिलेले बावीस कागद. त्यांनी नमस्कार केला आणि सुरुवात केली. "काळीज हें पोटांत, उजव्या बाजूस असतं."

हॉलमधल्या सगळ्यांचे हात डाव्या छातीवर गेले.

"डाव्या," बापट म्हणाले.

"उजव्या," सर म्हणाले.

"अहो, माझं उघडून बघितलंय. डावीकडेच होतं."

"तें पंप उघडलं तुमचं. काळजास कुणी हात लावला नाहीं."

"पंप?" बापट उभे राहिले. फाइल खाली पडली. मागून कुणीतरी विचारलं, हे हार्ट स्पेशालिस्ट आहेत ना? सबनीस काका लगबगीने पुढे आले. म्हणाले, "एक मिनिट, एक मिनिट. सरांना यकृत म्हणायचंय. सर, यकृत म्हणा." सर म्हणाले, "काळीज." काका म्हणाले, "काळीज म्हणजे हृदय, सर." सर म्हणाले, "तुमच्याकडे कधींपासून?" आणि हॉल हसायला लागला. मग त्यांचं काहीही हसण्यावारी जाऊ लागलं. 'अहे' म्हटलं की हशा, 'त्यांस' म्हटलं की हशा. गणपतीचे दिवस, त्यात ते म्हणाले, "माणसास एकवीस मिळालं पाहिजे," तेव्हा मागून आवाज आला, "तळणीचे की उकडीचे?"

मीही हसले. मोदकांवर तर फार जोरात हसले. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कागदाकडे पाहिलं.

तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या एका बाई अगदी प्रेमाने म्हणाल्या, "सर, इंग्लिशमध्ये सांगा ना. आम्हाला चालेल." सरांनी बावीस कागद घडी करून ठेवले आणि अकरा मिनिटांत सुरेख इंग्रजीत सगळं सांगितलं. मग प्रश्न आले. चार प्रश्न, चारही हृदयाबद्दल, चारही इंग्रजीत. परतीच्या गाडीत मी माफी मागायला तोंड उघडलं तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "इट इज ओके, मिसेस जाधव." मला त्या 'मिसेस जाधव'ची जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कशाची वाटली नव्हती.

त्यानंतर सर मराठी बोलायचे थांबले. सकाळी 'गुड मॉर्निंग'. दुपारी 'हॅव यू हॅड लंच'. मुरुगेश्वरीबाईंनी फाइल देताना 'एकवीस' म्हटलं तरी नुसतं 'थँक यू'. हे महिनोन्‌महिने चाललं. मी अक्कांना फोन केला. त्या म्हणाल्या, घरीं पण तमिळ बोलतात. मज तमिळ येतं, पण नवरा तमिळ बोलला कीं परक्याच्या घरीं जेवायला वाढल्यासारखं होतं.

आणि मग मंडळाने आरोग्य शिबिर भरवलं. पोटाची सोनोग्राफी फुकट होती म्हणून सगळ्यांनी करून घेतली, आणि अर्ध्या कार्यकारिणीच्या रिपोर्टवर एकच वाक्य आलं, फॅटी लिव्हर. सबनीस काकांच्याही. काका सभागृहात, म्हणजे हॉलमध्ये, रिपोर्ट फडकावत फिरत होते. "मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. एक थेंब नाही. माझ्या यकृताने असं का वागावं?" संध्याकाळी त्यांचा मला फोन. "त्या तुमच्या लिव्हरवाल्या सरांना पुन्हा बोलवता येईल का?"

मी आईला कराडला फोन केला. मला फक्त एवढंच विचारायचं होतं, काळीज म्हणजे काय? आई म्हणाली, "खुळी का काय तू. लहानपणी दर रविवारी खात होतीस की. कलेजी." पंचवीस वर्षं मी ते चावून खाल्लं होतं आणि कुठल्या बाजूचं आहे हे मला एका शाकाहारी माणसाकडून कळायचं होतं.

रविवारी सकाळी मी सरांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. आतून आवाज येत होता, आणि मराठीत. "काळजास कुणी विचारत नाहीं तुझं कसं चाललंय. सगळे पंपास विचारतात. सरी, विचारूं नका. पण पत्र तरी वाचा." 'सरी' म्हणजे तमिळमध्ये 'बरं'. मी हळूच डोकावले. व्हरांड्यात सर खुर्चीवर, हातात ते बावीस कागद, आणि समोर कठड्यावर त्यांचं पिवळं मांजर. मांजराने पुढचे पाय पोटाखाली घेतले होते. स्वयंपाकघरातून अक्कांनी मला खूण केली की रोज सकाळी हेच चालतं, पानं एक ते बावीस.

"सर," मी म्हणाले, "मांजर प्रश्न विचारतं का?"

ते दचकले. कागद पाठीमागे गेले. मग म्हणाले, "नाहीं. पण हसतही नाहीं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी सरळ सांगितलं की मी हसले ते फार वाईट केलं, मला माफ करा, आणि आमच्या गावचे सगळे खाटीक तुमच्या बाजूचे आहेत. मग कलेजीचं सांगितलं. सरांनी ते दोनदा वदवून घेतलं. "महाराष्ट्रांत? सगळे कलेजी म्हणतात? पुण्यांत पण?" अक्का कॉफीचे डबरा-टंबलर घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जाऊन या. त्या माणसांस काळजी पडलीय. तुमच्याखेरीज कुणाकडे जातील?" सर बराच वेळ कॉफी ह्या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहिले. "एक प्रश्न," ते शेवटी म्हणाले. "मराठींत. विसरूं नका, अम्मा."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी पुन्हा तोच हॉल. ह्या वेळी पोस्टरवर चित्र नव्हतं, सबनीस काकांनी नुसतं 'काळीज (यकृत)' लिहिलं होतं. कंस काढायला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. ओळख करून द्यायला मी उभी राहिले आणि विचारलं, "कलेजी कोणकोण खातं?" मंडळी एकमेकांकडे बघू लागली. मग मागच्या रांगेतून एक हात वर झाला. अंबत्तूरच्या शिंदे काकू. नवरा तिथल्या एका लहान कारखान्यात फिटर, आणि त्या स्वतः आयटी ऑफिसांतल्या मराठी मुलांना पोळीभाजीचे डबे पुरवत. "खातो की," त्या म्हणाल्या. "लाजायचं काय त्यात." मग हळूहळू चौदा हात वर आले. बापटांचाही आला, त्यांच्या पत्नी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मी म्हणाले, "तर आजचे पाहुणे त्या कलेजीबद्दल बोलणार आहेत. ती उजव्या बाजूलाच असते."

सर बोलले. मराठीत, एक तास आणि वर सात मिनिटं. कार्यकारिणीचे त्यांनी अवयव केले. सबनीस काकांना लिव्हर केलं. काकांनी चिठ्ठ्या इतक्या सुवाच्य अक्षरांत लिहिल्या की अवयवांना वाचायला वेळ पुरेना. बापट तपकिरी चरबी झाले, त्यांना धावायची परवानगी नसल्याने त्यांनी बसल्या बसल्या हात चोळून ऊब केली. लोक हसले, खूप हसले, पण ते बापटांना. 'अहे' कुणाच्या लक्षातही आलं नाही. अकराव्या कागदापासून सरांनी खाली बघणंच सोडलं होतं.

"सरी," ते म्हणाले. "कुणास कांहीं विचारायचं अहे?"

सबनीस काका उठले. "डॉक्टर, व्हॉट अबाउट ब्लॅक कॉफी?" सवयच ती, डॉक्टर दिसला की इंग्रजी. सरांनी इंग्रजीत उत्तर दिलं. मग बापटांचा नातू, इथेच वाढलेला, त्याने तमिळमध्ये विचारलं की मेंदूपुढे ठेवलेली जांगिरी उरली आहे का. सरांनी तमिळमध्ये सांगितलं, नाही. मग रेल्वेतल्या एकांनी कुणास ठाऊक का, हिंदीत विचारलं. सरांनी मोडक्या हिंदीत उत्तर दिलं आणि चष्मा पुसायला घेतला. मी हॉलभर नजर फिरवत होते आणि जो तो माझी नजर चुकवून घड्याळ बघत होता. सर कागद गोळा करू लागले.

तेव्हा शिंदे काकू उभ्या राहिल्या. पदर खांद्यावर घेतला.

"सर, माझं एक हाय. काळजानं पत्र धाडलं. पुढच्यानं वाचलंच न्हाई. मग काळीज काय करतं? गप बसतं व्हय?"

सरांनी चष्मा परत घातला. काकूंकडे नीट बघून घेतलं.

"नाहीं, अम्मा," ते म्हणाले. "गप बसत नाहीं. ज्यांच्या काळजांत चरबी साठलीय, त्यांच्या रक्तांत एकवीस कमी नसतं. जास्त असतं. कुणी वाचत नाहीं म्हणून तें आणखी लिहितं."

"आणि दमत न्हाई?"

"तें सांगतों," सर म्हणाले, आणि खुर्ची ओढून काकूंच्या समोर बसले.

मार्चमध्ये ते निवृत्त झाले आणि दोघं मुलीकडे कोइमतूरला गेली. निरोपसमारंभ वगैरे झाला, हार झाले, पण माझ्याकडे सरांचं शेवटचं म्हणून जे राहिलंय ते त्या दुपारचंच. हॉल रिकामा झाला, शाळेच्या रखवालदाराने पंखे बंद केले, तरी उत्तर चालूच होतं. मी जिन्यावर थांबले, मग कंटाळून स्टेशनवर गेले. मला आणि सरांना तांबरमची गाडी, काकूंना उलट्या बाजूची, पुढे बदलून अंबत्तूर. मी आमच्या फलाटावर उभी होते आणि बघते तर समोरच्या फलाटावर सर. शेजारी काकू, हातात रिकाम्या डब्यांची पिशवी. सरांचे दोन्ही हात हवेत, दोन किल्ल्या एकदम फिरवत. काकूंनी मधेच काहीतरी विचारलं. सरांनी हात खाली घेतले, विचार केला आणि पुन्हा वर नेले.

त्यांची गाडी आली. काकू चढल्या. सरही चढले. मी इकडून ओरडले, सर, आपली गाडी ही नाही. त्यांनी ऐकलं नाही. खिडकीतून दिसत होतं, काकूंनी पिशवी मांडीवर घेऊन सरांना जागा करून दिली होती आणि सर बसायच्या आधीच बोलायला लागले होते. गाडी सुटली, घराच्या बरोबर विरुद्ध दिशेला.

मी अक्कांना फोन लावला. म्हटलं, सरांना यायला उशीर होईल.

"कां?"

"त्यांना एकांनी प्रश्न विचारलाय."

"कुठल्या भाषेंत?"

"मराठीत."



"सरी," अक्का म्हणाल्या. "मग मीं जेवून घेतें."